फाटक्या सायलेन्सरसह ठाणे ते आंबिवली

आमच्या सोसायटीत सध्या व्हिएतनामची लाट आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या साठेबाई आठ दिवसांत तिकडे जाऊन आल्या आणि त्यानंतर सलग तीन रविवार आम्ही त्यांचे फोटो बघतोय. भिशीच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही यंदा कुठे जाऊन आलात की नाही?" मी म्हटलं, "हो, आंबिवलीला." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. ठाण्याहून आंबिवली म्हणजे एरवी तासा-दीड तासाचा रस्ता. मला तीन दिवस लागले. पण जेवढ्या दिमाखात मी तिथे पोचले, तेवढ्या दिमाखात साठेबाई हनोईला उतरल्या असतील असं मला वाटत नाही. म्हणून हे लिहून ठेवतेय.

आधी गाडीबद्दल सांगते. आमची गाडी लाल, लहान आणि बारा वर्षांची. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गाडी शिकले, तेव्हा हीच घेतली. माधव, म्हणजे माझा नवरा, गाडी चालवत नाही. तो शेजारी बसून ब्रेक दाबतो, त्याच्या बाजूला ब्रेक नसला तरी.

डिसेंबरात गाडी घुरघुरायला लागली आणि जानेवारीत डरकाळ्या फोडायला लागली. सायलेन्सरचा पाईप कुठेतरी फाटला होता. माधव पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला, त्यामुळे गळती म्हटली की तो आपला विषय आहे असं त्याला वाटतं. त्याने एका सकाळी गाडीखाली शिरून पाईपला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, वरून तार आवळली आणि हात झटकत बाहेर आला. पाण्याच्या पाईपला हा उपाय उत्तम चालतो. धुराच्या पाईपला तो गोखले रोडपर्यंत चालला. मग जळक्या रबराचा जो वास सुटला, तो आठ दिवस गाडीतून गेला नाही. डरकाळी होती तिथेच होती आणि आता धूरही आत यायला लागला होता. अर्धा तास गाडी चालवली की माझं डोकं चढायचं.

एवढ्यावर मी गाडी विकली असती. पण शिमगा तोंडावर आला होता आणि प्रश्न ताईचा होता.

ताई माझी मोठी बहीण. आंबिवलीला तळमजल्यावर एकटी राहते, गुडघे गेलेत, त्यात दमा. माहेरच्या गावी शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते आणि आमच्या घरी ती आली की ओटी ताईने भरायची, असं तिच्या लग्नाआधीपासून आणि नंतरही चालत आलेलं. गेली चार वर्षं तिचं जाणं झालेलं नाही. दर वर्षी बॅग भरायची आणि दर वर्षी काहीतरी निघून ती रिकामी करायची. यंदा तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, "तुझी गाडी नीट झाली असं डोळ्यांनी बघेन, मगच बॅग खाली काढीन. उगाच मला आशेला लावू नकोस."

आमचा मुलगा नचिकेत हैदराबादला असतो. तो म्हणाला, "आई, भंगारात काढ ती. मावशीला कॅब करून दे ना." मी ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "परक्या ड्रायव्हरला मी दर तासाला थांब कसं म्हणू? तुला म्हणायला मला लाज वाटत नाही." आणि धूर आत येणाऱ्या गाडीत दम्याच्या बाईला गावापर्यंत आठ तास बसवणं शक्यच नव्हतं. म्हणजे गाडी नीट झाली तर ताई पालखीला, नाहीतर बॅग माळ्यावर.

एक मात्र सांगायला हवं. ह्या डरकाळीचा ताईला एक उपयोग झाला होता. महिन्यातून दोनदा मी तिच्याकडे जाते. तिचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, तिथून गल्ली दिसत नाही. पण गाडी वळणावर आली की तिला ऐकू यायची आणि ती चहाचं आधण ठेवायची. आम्ही दारात चपला काढेपर्यंत चहा गाळलेला असायचा. "अख्ख्या आंबिवलीला कळतं तू आलीस ते," ती म्हणायची.

ठाणे, सोमवार

पहिला मुक्काम घराजवळच. एक मोठं काचेचं वर्कशॉप आहे, तिथे गेलो. गेल्या गेल्या गाडी आपल्याकडून काढून घेतात आणि आपल्याला थंडगार खोलीत बसवतात. काचेपलीकडे सगळ्या गाड्या दिसतात, आपली सोडून. यंत्रातून कॉफी घ्यायची, ती फुकट असते. माधवने दोन घेतल्या.

तासाभराने टाय लावलेला एक तरुण टॅबलेट घेऊन आला. "मॅम, पूर्ण एक्झॉस्ट असेंब्ली रिप्लेस करावी लागेल. पुढून मागेपर्यंत."

"पण फाटलंय कुठे?" मी विचारलं.

"मॅम, पार्ट जुना झालाय."

"मीही झालेय. फाटलंय कुठे ते दाखवाल का?"

"कस्टमरला आत अलाऊड नाही, मॅम."

त्याने आकडा दाखवला. तो आकडा बघून माधवने तिसऱ्या कॉफीचा विचार सोडून दिला. तेवढ्या पैशांत आमच्या गाडीसारखीच दुसरी जुनी गाडी आली असती. तो तरुण नम्र होता, त्याच्याशी भांडावं असं त्याने काहीच केलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पस्तीस वर्षं मी मुलांना गणितं घातली. चूक कुठे आहे ते न दाखवता अख्खी वही नवी आण असं मी एकाही मुलाला सांगितलं नव्हतं.

कळवा, शीळफाटा, कल्याण, मंगळवार

माधवच्या जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की कल्याणला सायलेन्सरवाल्यांची रांगच्या रांग आहे. सकाळी निघालो. धूर आत कोंडू नये म्हणून चारही काचा खाली. मी डोक्याला ओढणी बांधली होती. माधव नाकाला रुमाल आणि कानांत कापूस घालून बसला होता.

कळव्याच्या सिग्नलला शेजारी मोटरसायकलवर दोन पोरं थांबली. त्यातल्या एकाने वाकून आत बघितलं.

"काकू, साउंड एकदम कडक ए. कुठून मॉडिफाय केली?"

मी काही बोलायच्या आत माधव रुमालामागून म्हणाला, "घरीच."

"भारी ना काका," म्हणून त्याने अंगठा दाखवला. माधव शीळफाट्यापर्यंत खुशीत होता. जी पोरं ह्या आवाजासाठी पैसे मोजतात, त्यांच्या आया कशा झोपत असतील याचा मी विचार करत होते.

शीळफाट्याची धूळ मात्र साठेबाईंना व्हिएतनामात मिळाली नसणार. उघड्या काचांतून ती सगळी आत आली. कल्याणला उतरलो तेव्हा आम्हा दोघांचेही केस एकाच रंगाचे झाले होते, जो आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

रांगेतलं पहिलंच दुकान पकडलं. मालक लगबगीने बाहेर आला, गाडीखाली मोबाईलचा उजेड टाकला, आणि क्षणभर तिथेच थबकला. मग हसत वर आला.

"ताई, टेन्शन नको. पुढचा भाग काढतो, सीधा पाईप टाकतो. अर्ध्या तासात गाडी मक्खन."

"किती घ्याल?"

"एक रुपया नको."

"म्हणजे?"

"तुम्ही आपल्या माणसांसारखे. जुना पुढचा तुकडा फक्त इथे सोडा. तो तसाही कचरा आहे."

माधवचा चेहरा असा उजळला की मला लग्नातला फोटो आठवला. त्याने कोपराने मला ढोसलं. मी हो म्हणणारच होते. उन्हात डोकं दुखत होतं, समोर फुकटात काम होत होतं, आणखी काय पाहिजे? पण मला एकदम आमची बोहारीण आठवली.

पूर्वी आमच्या चाळीत बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायची आणि स्टीलचं भांडं द्यायची. तिच्याशी घासाघीस हा दुपारचा कार्यक्रमच असायचा. दोन पँटी, चार शर्ट टाकले तरी ती वाटीच पुढे करायची. "अजून एक साडी टाका वहिनी, परवडत नाही," असं म्हणत उठायची, पुन्हा बसायची. एका दुपारी मी गाठोडं ठेवलं, तिने वरवर चाळलं आणि एक अक्षर न बोलता मोठं पातेलं काढून दिलं. मी हरखून गेले. संध्याकाळी कळलं की त्या गाठोड्यात ताईचा लग्नातला शालू गेला होता, अस्सल जरीचा, तिने माझ्याकडे ठेवायला दिलेला. ते पातेलं अजून माझ्याकडे आहे. ताई त्यातलं काही खात नाही.

तेव्हापासून, समोरच्याने घासाघीस केली नाही की मी आधी माझं गाठोडं आवरून घेते.

"तो तुकडा कचरा आहे तर मीच घरी नेते," मी म्हटलं.

मालकाचं हसू जरा कमी झालं. "घेऊन काय करणार, ताई? मग पाईपचे पैसे पडतील."

"पडू देत. किती पडतील?"

त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून माधवनेही कानातला कापूस काढला. मी गाडी सुरू केली. मागून तो म्हणत होता, "वरून थोडे पैसे मी देतो, ताई, थांबा तर." तेव्हा तर माझी खात्रीच पटली. स्वतःच्या पैशाने कचरा विकत घेणारा माणूस मला अजून भेटायचाय.

पुढे चौकाच्या अलीकडे पीयूसीवाल्याची व्हॅन उभी होती. पीयूसी संपतच आलं होतं, शिवाय मला चिडून कुणाशी तरी बोलायचं होतं. व्हॅनमधला चाळिशीचा माणूस डबा खात होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने झाकण लावलं.

"काकू, नळी लावायचीही गरज नाही. आधी गळती काढा."

मी त्याला दोन्ही दुकानांची हकिगत सांगितली. तो मान हलवत ऐकत राहिला.

"बरं झालं तो तुकडा नाही सोडलात. पुढच्या त्या डब्यात धूर साफ करायची जाळी असते, तिच्यात किमती धातू असतात. ते ह्यांना पाहिजे असतात. ती काढली की माझ्या मशीनवर गाडी पास होणं विसरा."

"मग नीट काम करतं कोण?"

"माझ्याकडे सगळ्यांची कामं येतात ना, काकू. कोणाची गाडी पहिल्या फटक्यात पास होते ते मलाच माहीत." त्याने डब्याच्या झाकणावर बोटाने नकाशा काढून दाखवला. "कोपरला जा. खाडीच्या बाजूला. बाळाराम नाना विचारा. बोर्ड नाही."

ह्या माणसाला आधी विचारायला हवं होतं. पेपर तपासणाऱ्यालाच माहीत असतं कुठल्या क्लासची मुलं खरी शिकून येतात. मी शाळेत असताना हे मला कळत होतं, गाडीच्या बाबतीत सुचलं नाही.

कोपर, मंगळवार दुपार आणि बुधवार सकाळ

कोपरला इमारती संपून खाडीकडे उतरणारा रस्ता लागतो तिथे एका पत्र्याच्या शेडखाली बाळाराम नाना बसले होते. सत्तरीचे असतील. गळ्यात चष्मा, अंगात बनियन. बाजूला एक होडी उलटी करून ठेवलेली. आयुष्यभर होड्यांची इंजिनं आणि त्यांची धुराडी दुरुस्त केली, आता होड्या कमी झाल्या म्हणून गाड्या, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

त्यांनी तांब्यातलं पाणी हातावर घेऊन पाईपवर शिंपडलं. चर्र झालं.

"गारी गरम हाय. आज नय जमाचा."

"अहो, पण आम्ही ठाण्याहून आलोय."

"आल्यान तर बरा झाला. गारी ठेवा न जा. गरम लोखंड फुगतं, फट बुजतं. सकाली थंड गारी बोलते कुठं दुखतंय ती."

दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी फाटलंय कुठे हे शोधायची गोष्ट करत होतं. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. माधव घाबरला. परतीच्या वाटेवर त्याने तीनदा विचारलं, "बोर्डसुद्धा नाही गं त्यांचा." मीही मनातून घाबरले होते, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

सकाळी आठला हजर झालो. गाडी तशीच होती, वर दव होतं. ठाण्यात मला काचेआड बसवलं होतं. इथे नानांनी मला गाडीत बसवलं आणि माधवच्या हातात ओलं गोणपाट दिलं.

"तुमी मागचा भोक दाबा. बाईंनी सुरू कराची. हलूहलू."

स्वतः ते भांडी घासायच्या साबणाचं पाणी आणि एक ब्रश घेऊन गाडीखाली सरकले. मी गाडी सुरू केली. मागून माधव जोर लावून गोणपाट दाबत होता. नाना पाईपच्या एकेका सांध्याला साबणाचं पाणी लावत पुढे सरकत होते.

"आता या बघाला."

मी उतरून गुडघ्यावर बसले आणि वाकून पाहिलं. पाईपच्या मध्ये एक जाळीदार लवचिक तुकडा असतो, तिथे साबणाचे फुगे भसाभस येत होते. पुढच्या सांध्यावर बारीक फेस. बाकी सगळीकडे पाणी नुसतं ओघळत होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. चूक दिसली होती, अगदी बोट ठेवून दाखवता येईल अशी.

"दोनच जागी," नाना म्हणाले. "डबा चांगला हाय, पुढचा पन चांगला हाय. नुसती जाली फाटली न पॅकिंग गेला." मग त्यांनी पाईपवरून जळक्या रबराचा एक चिवट तुकडा सोलून काढला आणि चष्मा लावून न्याहाळला. "यो कुनी केला?"

माधव खाडीकडे बघायला लागला. खाडीत तेव्हा बघण्यासारखं काहीच नव्हतं.

त्याच वेळी त्याच्या हातातलं गोणपाट सुटलं. आतला धूर फट्कन बाहेर आला आणि माधवच्या पांढऱ्या शर्टावर छातीभर काळा पट्टा उमटला. नाना गाडीखालून निघाले, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते दोघंही हसत सुटले. त्यानंतर माधव त्या शेडमध्ये घरच्यासारखा वावरला.

पैशांचं बोलणं झालं. नानांनी आकडा सांगितला, मी कमी केला, त्यांनी जाळीच्या तुकड्याची किंमत सांगितली, मी पॅकिंगवर घसरले, ते गॅसचा सिलिंडर किती महागला त्यावर आले. चांगली वीस मिनिटं आम्ही भांडलो. जसजसे ते अडून बसत होते, तसतशी मी निर्धास्त होत गेले. शेवटी जे ठरलं ते मागच्या महिन्यात दोन ब्लाउज शिवायला आणि साड्यांना फॉल-पिको करायला गेले त्याहून थोडंच जास्त होतं.

काम सुरू करण्याआधी त्यांनी बॅटरीची वायर काढली. "वेल्डिंग कराचा तर पयली ही काढाची. नयतर गारीचा डोका फिरल." मग फाटकी जाळी कापली, नवी बसवली, चारही बाजूंनी टाके घातल्यासारखं जोडत गेले. गंजलेले बोल्ट बदलले, सांध्यात नवं पॅकिंग घातलं. कापलेला तुकडा माझ्यासमोर ठेवला. "घरी न्या. तुमचा हाय."

लोखंड निवेपर्यंत त्यांच्या बायकोने आम्हाला आत बोलावलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आमच्याकडे जवळ्यात कोकम घालतात, त्यांच्याकडे कैरी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. "अजून घ्या, लांबशी आयल्यात," त्या म्हणाल्या. ठाण्याहून कोपरला आलेल्या बाईला कुणी लांबून आलेली म्हणावं, हे मला फार आवडलं.

मग पुन्हा गोणपाट, पुन्हा साबणाचं पाणी. ह्या वेळी माधवने पाय रोवून दाबलं. मी गाडी सुरू केली आणि क्षणभर वाटलं की सुरूच झाली नाही. मी पुन्हा किल्ली फिरवली तर इंजिन कर्रकन ओरडलं.

"अवो चालू हाय ती," नाना खालून म्हणाले. "एक पन फुगा नय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसू नका. तीन महिने मान खाली घालून सोसायटीच्या गेटातून आत शिरलेल्या बाईलाच ते कळेल.

आंबिवली, बुधवार दुपार

कल्याणला पीयूसीवाल्याने नळी लावली, पडद्याकडे बघितलं आणि कागद छापून हातात ठेवला. "बोललो होतो ना, पहिल्या फटक्यात." तिथून त्या दुकानांच्या रांगेसमोरून मी मुद्दाम हळू गेले. दुकानदाराने वरही पाहिलं नाही. त्याला आमची गाडी ऐकूच आली नाही.

काचा वर होत्या. आत जवळ्याचा वास सोडला तर कसलाच वास नव्हता. माधव म्हणाला, "अगं, हिच्यात रेडिओ आहे की." आम्ही दोघंही ते विसरलो होतो.

आंबिवलीला वळणावरून आत शिरलो, गाडी ताईच्या दाराशी लावली आणि आत गेलो. स्वयंपाकघरात गॅस बंद होता. ओट्यावर पातेलं उपडं पडलेलं. ताई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. आम्हाला बघून ती दचकली आणि मांडीवरच्या शेंगा सांडल्या.

"अगं, कळवायचं तरी! आधणसुद्धा नाही ठेवलं मी. कशाने आलात, रिक्षाने?"

"गाडीने."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माधवच्या शर्टाकडे. मग हळूहळू भिंतीला धरत उठली आणि दारापर्यंत गेली. लाल गाडी समोर उभी होती. "परत चालू कर बघू," ती म्हणाली. मी जाऊन चालू केली. ताई उंबऱ्यात कान देऊन उभी राहिली.

आम्हाला चहा मिळालाच नाही. ताई आतल्या खोलीत गेली आणि तिने माधवला हाक मारली.

"माधव, तेवढी माळ्यावरची बॅग खाली काढून दे रे."

पालखीला अजून नऊ दिवस होते.